ढवळ्याच्या कपाळाचं माप

भोकरच्या शेषेरावाला मण्यांचं वेड लागलं ते ढवळ्या बैलामुळं. पोळ्याला त्याच्यासाठी माळ आणायला तो बाजारात शहजादीबींच्या दुकानात गेला, तर तयार माळा संपलेल्या. बी म्हणाल्या, मणी न्या, सुई न्या, घरी ओवा. शेषेराव मिशीत हसला. हे काय गड्यामाणसाचं काम? पण घरी येऊन त्यानं एक मणी ओवला, त्याला सोबत म्हणून दुसरा ओवला, आणि जेवायचं राहून गेलं. लाल मण्याशेजारी पांढरा मणी नीट बसला की त्याला आतून गार वाटायचं, तापल्या रानात पाटाचं पाणी शिरावं तसं.

पोळा सरला, वेड राहिलं. माठाच्या गळ्यात माळ आली, मोटारसायकलीच्या आरशाला आली, शेवटी कोंबडीलाही आली. ती कोंबडी तेव्हापासून मान ताठ करून फिरायची, दाणे टिपायला वाकेना. बायको सरजाबाई तर सांगायची, की हा कधी ओवून टाकील म्हणून ती पायाची बोटं आवळून झोपते.

अशात पुतणी पुनमची सोयरीक लातूरला जमली. मुंडावळ्या मी करणार, असं शेषेरावानं साऱ्या भावकीत सांगून टाकलं. पुनमचा बाप बालाजी म्हणाला, बाजारात मोत्याच्या लई मिळतात. पण पुनम म्हणाली, बांधीन तर काकाच्याच. झालं, आता गोष्ट इज्जतीवर आली.

लग्नाच्या आदल्या दुपारी पुनमच्या हातावर मेंदी ओली होती, म्हणून सरजाबाईनं मुंडावळ्या बांधून पाहिल्या. कपाळावरून त्या नाकावर आल्या, नाकावरून गळ्यात उतरल्या, आणि बाजूच्या लडी गुडघ्यावर लोळू लागल्या.

"आवो, हे माप कुणाचं घेतलं?"

शेषेराव छताकडं बघू लागला. खोदून विचारल्यावर हळूच बोलला. पोरीला कपाळ मोजू दे म्हणायला त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं ओळखीचं कपाळ मोजलं. ढवळ्याचं.

घर हसून हसून लोळलं. बालाजीनं तर मोटारसायकलीची किल्ली उचलली, बाजार गाठायला. शेषेरावाचं तोंड एवढंसं झालं.

"काका, उसवा," पुनम म्हणाली.

"एकट्यानं उद्यापर्यंत होत न्हाई गं."

"माझी मेंदी अजून ओली हाय. बाकीच्यांना हात हायत की."

मग काय, वऱ्हाडच बसलं. आधी दोघी जावा, मग मामा, शेवटी तोंड वाकडं करत बालाजी. शेषेराव मास्तरासारखा फिरून दम देऊ लागला, लाल-पांढरा, लाल-पांढरा, डोळे कुठं हायत. थोड्या वेळानं सगळे मण्यांत बुडाले. चुलीवरच्या भाताचा कोळसा झाला. तो वास शेजाऱ्यांना आला, पण घरातल्यांना नाही. बालाजीला चहा दिला तर तो म्हणाला, मधी बोलू नका, ओळ चुकते.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या मांडवात पुनम त्याच मुंडावळ्या बांधून उभी राहिली, बरोबर कपाळावर. अंतरपाट धरला. शेषेरावाचा ऊर भरून आला आणि तेवढ्यात त्याला दिसलं, डाव्या लडीत दोन लाल मणी शेजारी शेजारी. त्याची बोटं शिवशिवली. एक पाऊल पुढं पडलंही. सरजाबाईनं बाही धरली.

"अक्षता टाका गुमान."

"ती लड बालाजीची हाय. चुकलीय."

बालाजीनं लेकीवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "चुकली न्हाई, दादा. तो माझा नमुना हाय."