धापावाली सीडी

आमच्या पिपरी मेघेत चेलो ऐकणारं घर एकच, आणि त्यातही दोन पक्ष. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. आमची लेक जागृती पुण्याहून त्याच्या दोन सीडी घेऊन आली होती. रचना तीच, वाजवणारे दोन. तेव्हापासून दर रविवारी विहारातून वंदना करून आलो, की आम्ही नवराबायको दोन्ही लावायचो आणि भांडायचो. हरणाऱ्यानं चहा करायचा. चहा बहुतेक मीच करायचो, कारण माधवीशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

माझी सीडी एका म्हाताऱ्याची होती. प्रत्येक ओळीआधी तो नाकानं जोरात श्वास ओढायचा आणि ते चक्क ऐकू यायचं.

“वाजवून राह्यला का जिना चढून राह्यला?” माधवी हसायची. तिला दुसरा आवडायचा, तरुण आणि स्वच्छ.

“तुले तं इस्त्री केलेलं संगीत पायजे,” मी चिडायचो.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, की तिची फुप्फुसं आखडत चालली आहेत. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्यानंतरच्या रविवारी मी माझी सीडी लावली, तर म्हाताऱ्याच्या श्वासाबरोबर माधवीचाही श्वास ओढला जाऊ लागला. मला ते सहन होईना. संताप आला, कोणाचा, ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी दारात भंगारवाला ओरडला, तेव्हा ती सीडी मी त्याच्या गाडीवर टाकून दिली.

आणि काल माधवीनंच ती मागितली.

“अहो, ते धापावाली लावा ना.”

“काऊन? तुले तं ते आवडत नाई.”

“आता आवडते. त्यालेई माह्यासारखा दम लागते, तरी वाजवते. मले धीर येते.”

खरं सांगायची हिंमत होईना, म्हणून मोबाइलवर शोधलं. सापडला. तोच म्हातारा, तीच रचना. पण नव्यानं काढताना कोण्या शहाण्यानं आवाज साफ करून सगळे श्वास पुसून टाकले होते. माझाच कोणी भाऊ असणार.

तरी लावलं. माधवी डोळे मिटून पडली होती. पहिली ओळ श्वासाशिवाय सुरू झाली आणि तिच्या कपाळावर आठी आली. मी तिच्या उशाशी जाऊन बसलो. म्हाताऱ्याच्या श्वासाची एकेक जागा मला पाठ होती. दुसरी ओळ यायच्या आधी मी नाकानं जोरात श्वास ओढला. तिसरीच्या आधीही ओढला. एकही जागा चुकू दिली नाही.

“हे ते नाई,” माधवी म्हणाली.

मी श्वास ओढायचा थांबलो. पुढची ओळ कोरडीच निघून गेली. माधवीनं डोळे उघडले नाहीत, फक्त माझा हात चाचपून धरला.

“थांबले काऊन?” ती म्हणाली. “ओढा. मी येते मागून.”