रुखवतातलं वाळ्याचं पाणी

लेकीच्या रुखवतात दुकानातून आणलेलं काही मांडायचं नाही, हे द्वारकाबाईंनी पार पैठणपर्यंत गाजवलं होतं. तनुजाच्या होणाऱ्या सासूला, सत्यभामाबाईंना, त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं, "केसावर शिंपडायचं वाळ्याचं पाणीसुदिक घरचंच राहील. समद्या बायांला एकेक बाटली!"

आणि लग्न उद्यावर आलं, तरी पाण्याचं काही जमेना. खाली जास्वंद-मेथीचं गाळलेलं पाणी, वर सिटी चौकातून आणलेलं वाळ्याचं अत्तर. हलवलं की एक, ठेवलं की वर तवंग. रुखवतात काचेच्या बाटल्या मांडायच्या. साऱ्या सोयऱ्यांपुढं शोभा होणार.

द्वारकाबाईंनी आपल्या अकलेनं इलाज केला. पळीत अत्तर तापवलं आणि पाण्याला दिली फोडणी! चर्र झालं, पुंडलिकनगरची अख्खी गल्ली दरवळली. शेजारच्या गीताबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय शिजवायलात हो?" पातेल्यात वास औषधाला उरला नाही, तवंग तेवढा राहिला.

तेवढ्यात सून सुलेखा कामावरून आली. ती शेंद्र्याला साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. 'कारखान्याचे हात माझ्या कामात घालू नको,' असं द्वारकाबाईंनी तिला आधीच बजावलं होतं. सुलेखानं पातेलं बघितलं आणि हसली नाही. तेच जास्त झोंबलं.

"हसून घे बाई एकदाची," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् मग सांग काय करू. माझं नाक जायची येळ आली."

"आई, तेल सरळ पाण्यात मिसळत नाही. आधी त्याला यात घोळवायचं." पाणी जमत नाही हे बघून सुलेखानं कारखान्यातून तेल-पाणी एक करणारं औषध आणलं होतं; काकवीसारखं दाट, पिवळसर. ते तिनं पिशवीतून काढलं. उरलेल्या अत्तरात ते घालून एकजीव केलं. मग त्यात नवं गाळलेलं पाणी बारीक धारेनं सोडलं. "ढवळत राहा."

"तापवायचं नाय?"

"नाही. घाईपण नाही."

"लई हुकूम सोडायलीस," म्हणत द्वारकाबाई मुकाट ढवळत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. पाणी आधी गढुळलं, मग निवळलं. सकाळी बघतात तर वर एक थेंब नाही.

मांडवात सत्यभामाबाईंनी बाटली उघडून केसांवर पाणी शिंपडलं. "विहीणबाई, हाताला गुण हाय तुमच्या!"

द्वारकाबाईंच्या अगदी ओठांवर 'व्हय' आलं होतं. म्हटलं असतं तरी कुणाला कळणार होतं? सुलेखा मागं ताटं लावत होती. तिचं इकडं लक्षही नव्हतं.

"माझा कशाचा हात!" द्वारकाबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "म्या तर वाटोळं केलं व्हतं. ही माझी सून, सुलेखा. भाजी खारट करती, पण आज हिनंच माझी लाज राखली. लई उपकार झाले पोरीचे."

बायका हसल्या. सुलेखा ताट धरून तशीच उभी. द्वारकाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, तिला सतरंजीवर आपल्याशेजारी, विहिणीसमोर बसवलं.

"आता ह्या इचारतील कसं केलं म्हणून. तूच सांग. आन् सावकाश सांग, मलाबी नीट ऐकू दे."