उलटी अंथरलेली चटई

मित्रांनो, तुम्ही जेवायला बसता ती चटई वेगळी आणि मी वेगळी. मी काथ्याची, जाडजूड, खेळपट्टीच्या लांबीची चटई आहे. आता म्हातारी झाले आहे, कडा उसवल्या आहेत. वानुआतू देशातल्या एफाते बेटावर, खाडी आणि चर्च यांच्या मधल्या मैदानात माझा जन्म गेला.

तशी मी नारळाच्या सोडणांतून जन्मले. मला पाण्यात कुजवलं, बडवलं, पिळून दोर वळले आणि विणलं. तेव्हा फार रडू यायचं. पण मार खायची सवय तिथेच लागली, ती पुढे उपयोगी पडली.

बोटीतून मला आणलं ते गावातल्या पुरुषांच्या संघासाठी. सिमेंटच्या पट्टीवर मला ताणून कडेने खिळे ठोकायचे आणि खेळायचे. सामना संपला की मंडळी नाकामालवर, म्हणजे गावच्या बैठकीच्या जागी, कावा हे मुळांचं गुंगी आणणारं पेय प्यायला निघून जायची. मी तिथेच पडून राहायचे. डुकरं माझ्यावर लोळायची.

शनिवारी दुपारी बाजार उठला की बायका यायच्या. फुलाफुलांचे घोळदार झगे, लेस लावलेल्या बाह्या, पाय अनवाणी. त्यांच्यात लेइपाकोआ होती. ती बाजारात अळकुड्या आणि भाजी विकायची, आणि माझ्यावर अशी संथ फिरकी टाकायची की समोरची बाई बॅट फिरवून मोकळी झाली तरी चेंडू वाटेतच असायचा. तिचा नवरा कालमेट हा पुरुषांच्या संघाचा यष्टिरक्षक. तो आंब्याखाली बसून शेरे मारायचा.

"लेइपाकोआ, चेंडू अडवायला हात कशाला? तुझा घोळ पुरे आहे."

"घोळात निदान अडकतो तरी," ती म्हणायची. "तुझ्या ग्लव्हजमधून तर निसटतोच."

सगळ्या बायका हसायच्या. आंब्याखालचे पुरुषही हसायचे.

या बायकांचा संघ केला तो लेइविया नावाच्या नर्सने. वयाने लहान, पण शब्दाला पक्की; कर्णधारही तीच. तिने मला झाडून, गुंडाळून चर्चच्या पडवीत ठेवायची शिस्त लावली. पुढे याच बायका देशाच्या संघाकडून खेळू लागल्या, पण पहिल्या परदेश दौऱ्याहून त्या दारुण हरून आल्या. झग्यात पाय अडकून दोघी धावबाद झाल्या होत्या म्हणे. पॅन्ट घालायची म्हटल्यावर गावात कुरबुर झाली. शेवटी गावच्या प्रमुखांनीच तोडगा काढला, की देशासाठी पॅन्ट आणि गावासाठी झगा. तेव्हापासून कुणी बोललं नाही.

मग ते वादळ आलं. त्याने मला पडवीतून उचललं आणि खाडीकाठच्या तिवरांत नेऊन टाकलं. माझ्या एका टोकाला, नेमका टप्पा पडतो तिथे, भलं मोठं भोक पडलं. पुरुष म्हणाले, फेकून द्या, नवी मागवू. लेइपाकोआने मला धुतलं, उन्हात घातलं आणि केवड्याच्या पातीची दोरी करून भोक विणून काढलं. गाठी वरच्या अंगाला राहिल्या. चेंडू त्या गाठींवर पडला की गर्रकन वळायचा. लेइपाकोआला भराभर विकेट मिळू लागल्या. मला वाटायचं, तिने मला वाचवलं, त्याची ही माझ्याकडून परतफेड.

पुढे एका वर्षी शेजारच्या बेटदेशाचा संघ आमच्याकडे आला. जिंकेल तो मोठ्या स्पर्धेला जाणार होता. लेइपाकोआ आता वयाने सगळ्यांत मोठी होती. पुन्हा संधी येईल असं तिलाही वाटत नव्हतं. सकाळी पाहुण्यांच्या कर्णधार मुलीने बुटाच्या टोकाने माझ्या गाठी दाबून पाहिल्या.  लेइवियाने ते पाहिलं आणि खिळे काढायला सांगितलं. तिला मी उलटी अंथरलेली हवी होते. त्या अंगाला गाठ नव्हती.

लेइपाकोआ संतापली. "माझ्या सगळ्या विकेटी त्या गाठींत आहेत."

"मग आज कळेल, आंटी," लेइविया म्हणाली, "त्या गाठींच्या होत्या की तुमच्या."

मला उलटवलं. किती वर्षांनी त्या अंगाला ऊन लागलं. पण जीव धास्तावला होता. लेइपाकोआचं पहिलं षटक पाहुण्या मुलींनी झोडपून काढलं. चेंडू सरळ जात होता. ती सीमारेषेवर जाऊन उभी राहिली, कुणाकडे बघेना. कालमेट आंब्याखालून उठून उभा राहिला.

शेवटचं षटक आलं. पाहुण्यांची एकच विकेट उरली होती आणि धावा थोड्याच हव्या होत्या. लेइवियाने चेंडू लेइपाकोआच्या हातात दिला.

"उंच टाका आंटी. हळू."

"हळूच टाकते गं. मी बाजारातही घाई करत नाही."

खाडीवरून वारा येत होता. तिने चेंडू त्या वाऱ्यात असा सोडला की तो वर जाऊन क्षणभर विसावला. फलंदाज मुलगी मोहाने पुढे आली. चेंडू माझ्या कोऱ्या अंगावर पडला आणि वळला, बोटभरच. बॅट चुकली. मागे यष्ट्या उडाल्या.

बायका धावत आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लेइपाकोआ मात्र खाली वाकली आणि टप्पा पडला होता तिथे तिने तळवा टेकवला. गर्दी पांगल्यावर कालमेट आला. त्याने एकेक खिळा उपटला, मला गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि पडवीत नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता देशाच्या मुली शहरात हिरव्या, गुळगुळीत पट्टीवर खेळतात. मला शाळेला दिलं आहे. लेइपाकोआ शनिवारी तिथे मुलींना फिरकी शिकवते, आणि टप्पा चुकला की रागावते. शाळा सुटल्यावर मुली माझ्यावर बसून केळीच्या पानात भाजलेला, किसलेल्या कंदांचा लापलाप खातात, हात मलाच पुसतात. मी मजेत आहे, मित्रांनो.

एवढंच सांगते. वस्तू फाटली तर आधी सुई-दोरा शोधा, मग फेकायचा विचार करा. आणि तुमच्या मैदानाच्या कडेला कुणी मुली उभ्या दिसल्या, तर खेळ थांबवून त्यांना आत बोलवा. बॅट घरून आणता येते. मैदान घरून आणता येत नाही.