भाऊसोच्या मक्यातला ठिपका

जयराजनं तिसऱ्यांदा फोन लावला, आणि तिसऱ्यांदा त्याच्या बापाचा ठिपका नकाशावर दोनशे मीटर पळाला.

एकसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस फोन वाजला की पळत सुटतो, हे काही जयराजला पटेना. तो उझबेकिस्तानातल्या नुकूस गावी एका गेस्टहाउसच्या अंगणात बसला होता. ताश्कंदहून सायकलनं अकराशे किलोमीटर झाले होते, पुढं तेवढंच वाळवंट होतं. पाच दिवस चालवायची, सहाव्या दिवशी आराम, असा नियम. सायकलची चेन रॉकेलच्या वाडग्यात भिजत होती.

निघताना त्याच्या बहिणीनं, प्रांजलनं, फोनवर बापलेकांचं ठिकाण एकमेकांना आणि तिलाही दिसेल अशी सोय करून दिली होती. वाळवंटात बोलायला रेंज नसायची. रात्री कधीतरी ती यायची, बापाचा, अर्जुनाचा, ठिपका वडूजजवळच्या वस्तीवर दिसायचा, आणि जयराज झोपायचा. दिवसभर ठिपका बघत बसायला वेळ पाच दिवसांनी आज मिळाला.

सकाळी ठिपका सरळ शेजारच्या भाऊसोच्या मक्यात शिरला आणि वीस मिनिटं तिथंच थांबला. भांडण झाल्यापासून अर्जुनानं अकरा वर्षं भाऊसोच्या बांधाला पाय लावला नव्हता. मेंढरं घेऊन तो त्या शेताला लांबचा वळसा घालायचा, तोंड दुसरीकडं करून. जयराजला वाटलं, मिटलं बहुतेक. त्यानं अभिनंदन करायलाच फोन लावला होता.

आता त्यानं प्रांजलला लावला.

"आबा कुठं हाईत?"

"माळावर. मेंढरांमागं."

"भाऊसोच्या मक्यात हाईत."

प्रांजल काहीतरी सांगायला गेली. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "बेड नंबर चौदाचं कोण हाय?"

"मी," प्रांजल सवयीनं म्हणाली.

"फोन सरपंचाच्या गळ्यात हाय," मग ती म्हणाली.

सरपंच म्हणजे कळपाचा म्होरक्या मेंढा.

"आबांनीच बांधाय लावला. घंटीशेजारी, पिशवीत घालून. मेंढरांमागं तात्याबाकाका हाईत, रात्री तेच काढून चार्ज करत्यात. आबा म्हणाले, माझा ठिपका हलला न्हाई तर पोरगं अर्ध्यातनं माघारी येतंय."

"कवापासनं?"

"शुक्रवारपासनं. साताऱ्यात हाय आमी. उद्या सकाळी आठला छाती उघडणार हाईत."

जयराजनं बोलता बोलताच विमानं बघितली. सगळी जुळली तरी परवा रात्री पुणे. त्यानं पुन्हा बघितली. परवा रात्रीच.

"देऊ का त्यांच्याकडं?"

"दे."

"बोल रं," अर्जुना म्हणाला. आवाज पातळ झाला होता.

"आबा, कुठं हाईसा?"

"माळावरच की."

प्रांजलचा फोन माळावर कसा, हे जयराजनं विचारलं नाही. बापाच्या मागं कसलंतरी यंत्र टिक्‌टिक् करत होतं.

"ऊन हाय?"

"लय. लिंबाखाली बसलोय जरा."

"मेंढरं?"

"चरत्यात गुमान." अर्जुना थोडा थांबला, दम घेतला. "तू का थांबलाईस? सकाळधरनं एका जाग्यावर दिसतुयास."

"आज आराम हाय, आबा. सुट्टी."

"दिसभर जाग्यावर बसलेलं जनावर मला बरं दिसत न्हाई. दुखतंय का काय तुला?"

"न्हाई. निघतोयच आता."

"निघ मग."

फोन ठेवून जयराजनं वाडग्यातल्या चेनकडं बघितलं. ती पुसून, वाळवून, बसवायची म्हणजे तास गेला असता. ठिपका सायकलवर आहे की चपलांवर, ते नकाशात दिसत नाही. तो चपला घालून निघाला.

जुन्या बाबागाडीत गोल रोट्या रचून विकणारी एक बाई कोपऱ्यावर उभी होती. तिनं एक पुढं केली. त्यानं मान हलवली आणि न थांबता पुढं गेला. घरं संपली, कापसाची रानं लागली. मागून येणारा एक ट्रकवाला थांबला, चल म्हणाला. जयराजनं हातानंच नको म्हटलं. ट्रकवाल्यानं त्याच्या चपलांकडं बघितलं, पुढं पसरलेल्या रस्त्याकडं बघितलं, आणि गेला.

तासाभरानं प्रांजलचा मेसेज आला. "आबा म्हणाले, हललं पोरगं. आता डोळा लागलाय."

वाचायला तो थांबला होता. ध्यानात येताच चालू लागला. चालता चालता त्यानं नकाशा बोटांनी लहान केला, इतका, की दोन्ही ठिपके एका पडद्यावर आले. मधे दोन-तीन देश होते. मग वडूजकडचा भाग मोठा केला. बापाचा ठिपका पुन्हा भाऊसोच्या मक्यात येऊन उभा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हलेना.

जयराजनं बापाचा नंबर काढला आणि फोन लावला.

ठिपका पळाला.