आंब्याच्या फळीवरचे कान

मित्रांनो, खाडीकाठी पालथी पडले असले तरी मी एक जुनी होडीच आहे. डोंबिवलीजवळच्या मोठागावात सागाच्या फळ्यांनी मला घडवलं. दामाजी कोळ्याने मला वीस वर्षं वल्हवलं. जाळं भरून आलं की तो स्वतःची पाठ थोपटी, रिकामं आलं की मला शिव्या देई. दोन्हींची नोंद माझ्याकडे आहे.

एकदा माझी एक फळी फुटली. "चालतंय," म्हणत दामाजीने तिथे आंब्याची ठोकली. पुढे त्याचा गुडघा धरला आणि दोन पावसाळे मी पालथीच राहिले.

१९८९ साली त्याच्या मनात आलं, यंदा नारळी पौर्णिमेला बायकोला, सगुणाला, माझ्यात बसवून भर खाडीत नारळ सोडायचा. उघडीप बघून तो डांबर घेऊन आला, तर माझ्या अंगावर तपकिरी कान! पाठीवर बारीक लव, आतून गुळगुळीत.

"खाडीतलं जनावर चिकटलंय," म्हणत तो खरवडू लागला. लिबलिबीत ते सगळं खाडीचं, हे त्याचं शास्त्र.

सून शालन बारावी सायन्स झालेली. तिने एक कान चुलीशेजारी वाळवला. तो काळा, कडक झाला. सकाळी वाटीभर पाण्यात टाकला, तर थोड्या वेळाने पुन्हा मऊ कान!

"मामंजी, जनावर वाळलं की मेलं. हे परत फुगतं. आणि बघा, सागावर एक नाय, सगळे आंब्यावर. ही अळंबी हाय. लाकूड कुजलं की येते."

"चाळीस वर्सं खाडीत काढली मी. तू मला शिकवतेस?"

"मी कशाला? खिळा टोचा, तो शिकवेल."

दामाजीने ऐटीत खिळा टोचला. हातोडीशिवाय तो डोक्यापर्यंत आत गेला.

सगुणा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, नारळासंगं मलापन सोडायची व्हती का?"

त्या वर्षी नारळ काठावरूनच सोडला. दिवाळीआधी सागाची फळी बसली, आणि मी आणखी सात वर्षं पाण्यावर राहिले.

आता माझ्या सागालाही कान आलेत. वयच झालं, तक्रार नाही. एवढंच सांगते, लाकडावर असा कान दिसला तर खरवडून वर डांबर फासू नका. आधी खालचं लाकूड बघा. डांबराने कुजणं झाकलं जातं, बुडणं टळत नाही.

सगुणा तर दामाजीच्या नव्या होडीत चढण्याआधीही खिळा मागते.