घरी राहिलेलं

अकोल्याच्या साधनाताईंचं पत्र आलं तेव्हा आंब्याला मोहोर होता. आता पाऊस सरत आला, तरी केशवरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. साधनाताईंच्या छोट्या मासिकात केशवरावांचा एक लेख आला होता, भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातल्या लहानपणावरचा. असे आणखी असतील तर पाठवा, पुस्तक करू, एवढंच पत्रात होतं.

आणखी होते, कपाटाचा एक खण भरून. पण तो एक कसाबसा जमला, बाकीचे फालतू, असं ग्रंथालयातून निवृत्त होऊन अमरावतीत एकटे राहणारे केशवराव स्वतःला बजावत. आपल्यासारख्यानं पुस्तकाची हाव धरावीच कशाला?

त्या दिवशी अंजनगावहून थोरली बहीण बेबीताई आली. तिनं पिशवी ओट्यावर उपडी केली. वांगी निघाली, झाडून सारी किडकी.

"बाई, आता दारात ट्रॅक्टर आहे तुह्या. अजून किडकेच?"

"चांगले बाजारच्या हर्रासात गेले नं बाप्पा. मंग घरी काय राह्यते?"

"एखादं चांगलं ठेवायले काय होते?"

"हात नाही होत रे." ती किडका भाग कोरून काढू लागली. "माय दोन ढीग करे. चांगला बाजाराचा, किडका आपला. तू एकडाव चांगलं उचललं त केवढी चापट बसली होती!"

केशवराव उखडले. "माय जाऊन जमाना झाला. तू काहून अजून किडकं खाऊन राहिली?"

"अन् तू? मोठा मले शिकवून राहिला! अकोल्याच्या त्या बाईले कागद काहून नाही धाडले?"

"धाडण्यासारखे नाहीत. वाचले मी."

"घरी पडले हायेत म्हणून तुले किडके वाटते."

 केशवरावांना तिचा राग आला, मायचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा.

ती गेल्यावर त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिलं नुसत्या माफीनं भरलं, फाडलं. दुसऱ्यात 'लेख सामान्यच आहेत' असं आपोआप उतरलं; तेही फाडलं. मग लेख निवडायला बसले, तर पलंगावर दोन ढीग झाले. चांगल्यांच्या ढिगात एकच लेख होता. स्वतःवरच चरफडत त्यांनी दोन्ही ढीग एकत्र केले आणि लिहिलं : "उशिराबद्दल क्षमा असावी. सगळे पाठवतो आहे. निवड तुम्ही करा."

टपाल कार्यालयात कारकुनानं विचारलं, "आत काय आहे?"

"कागद," केशवराव म्हणाले. मग चिडून, जरा मोठ्यानंच म्हणाले, "लेख आहेत. माझे."

कारकुनानं मान वर केली नाही. शिक्का मारला आणि पुडकं मागच्या थैलीत टाकलं.