गच्चीवरचा पिवळा टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी उंच इमारत आहे. मला ओळखत नाही असा माणूस या शहरात सापडायचा नाही. माझा कळस बघताना डोक्यावरची टोपी पडते, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

माझं बांधकाम चालू होतं तेव्हा हेच लोक म्हणत, "पहिल्याच वादळात आडवी होईल!" वादळं आली नि गेली, मी जागची हलले नाही. मग त्यांनीच माझी चित्रं घराघरांत टांगली. मलाही जरा गर्व चढला, खोटं कशाला बोलू?

पण माझ्याशी बोलणारा एकच होता, काचा पुसणारा. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून तो माझ्या खिडक्या चकचकीत करायचा. मागच्या गल्लीत त्याचं घर होतं. स्वयंपाक झाला की त्याची बायको गच्चीवर पिवळा टॉवेल वाळत घालायची. तो दिसला की हा फडकं बादलीत टाकायचा आणि मला म्हणायचा, "चला, बोलावणं आलं!"

बायकोचा मात्र विश्वास बसत नव्हता. "एवढ्या उंचावरून टॉवेल दिसतो होय? पोटात कावळे ओरडले की निघत असाल." तिचं हे बोलणं तोच मला हसत हसत सांगायचा. तिला एकदा वर आणून दाखवायचं त्याच्या फार मनात होतं. आज नेतो, उद्या नेतो करता करता राहूनच गेलं. म्हातारपणी एका दुखण्यात तो गेला.

पुढे माझ्या मागे काचेची नवी इमारत उभी राहिली. गल्ली तिच्याआड गेली. माझ्यातल्या कचेऱ्याही तिकडे गेल्या. नळ गंजले, खिडक्यांवर धूळ साचली, पण कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता मला पाडायचं ठरलं आहे.

त्याआधी लोकांना शेवटचं वर येऊ दिलं. तेव्हा लेकीचा हात धरून त्याची बायकोही आली. सकाळीच टॉवेल वाळत घालून आलेय, असं ती लेकीला सांगत होती. मागच्या खिडकीची काच तिने रुमालाने पुसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"दिसतोय का गं, आई?"

"कुठला दिसतोय! समोर नुसती काचच काच." मग ती हळूच म्हणाली, "थापाडे होते तुझे बाबा. जन्मभर मला बनवलं." ती हसली, पण त्याच रुमालाने तिने डोळे टिपले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे? ती जिना उतरून गेली आणि मी नुसती उभी राहिले. इतकं वाईट मला पाडायचं ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मित्रांनो, माझे फोटो तुम्ही खूप काढलेत. पण जुनी इमारत नुसती खालून बघू नका. ती उभी आहे तोवर आपल्या माणसांना घेऊन वर जा, उद्यावर टाकू नका. आणि माझं एक काम करा. मागच्या गल्लीत, पिवळा टॉवेल वाळत असेल त्या घरी जा. तिला सांगा, तो थापा मारत नव्हता. टॉवेल दिसायचा. मी रोज त्याच्याबरोबर बघायचे.